बटाटा, काकडी आणि तोंडी परीक्षा

अकरावीत नुकतंच बायो घेतलेल्यांना परासरण (ऑस्मोसिस, म्हणजे पडद्यातून पाण्याचं पार होणं) हे दोन ओळींचं प्रकरण वाटतं. मलाही वाटायचं. इंदूरच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी परासरणाच्या प्रयोगासाठी कोरून साखरेचं पाणी भरलेल्या माझ्या बटाट्याकडे बोट दाखवून विचारलं, "पाणी कुठून कुठे गेलं?" मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. कमी संहत, म्हणजे पातळ, द्रावणाकडून जास्त संहत द्रावणाकडे. "आणि उलटं?" "उलटं नाही जात, सर." तिथेच गाडी घसरली.

जातं. दोन्हीकडे, अखंड जातं. पलीकडे साखर आहे की नाही याचा पाण्याच्या रेणूला पत्ताच नसतो. तो नुसता धडका खात फिरतो. बटाट्याच्या पेशींचा पडदा साखर अडवतो, पाणी सोडतो. शुद्ध पाण्याकडून जितके रेणू पार होतात तितके साखरेकडून परतत नाहीत, आणि आपल्याला दिसतो तो हा फरक. दोन्ही ओघ सारखे झाले की पातळी थांबते, रेणू नाही. पुढे जलविभव (पाण्याची पार होण्याची ओढ मोजणारा आकडा) येईल, तो याच हिशोबाचा: साध्या हवेच्या दाबाला शुद्ध पाण्याचा शून्य, साखर विरघळली की ऋण.

विसरणातही (डिफ्यूजन, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरणं) हीच भटकंती, फक्त मध्ये पडदा नाही. आकडे मात्र चक्रावणारे आहेत. खोलीच्या तापमानाला पाण्याच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे 640 मीटर, पण शेजाऱ्यांच्या धक्क्यांत सेकंदाभरात तो मूळ जागेपासून सरकतो जेमतेम 0.1 मिलिमीटर. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोर गेर (रंगांची मिरवणूक) बघायला त्या गर्दीत गेलेल्यांना हे समजावावं लागत नाही. शिवाय अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट: 1 सेंटिमीटरला दोनेक तास, 10 सेंटिमीटरला आठ दिवसांहून जास्त. पेशीतल्या 10 मायक्रॉनना काही मिलिसेकंद पुरतात. (पेशी एवढ्या लहान का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.)

रामबागेतल्या घरी आजी काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालायची ते पानं मांडल्यावरच. आधी घातलं की वाडग्यात पाणी आणि काकडी लुळी. पुस्तकातली व्याख्या मला तिच्या वाडग्यातच कळली.

आता प्रॅक्टिकल. साल काढा, बूड सपाट कापा, वरून खड्डा कोरा, पण तळाला बोटभर गर राहू द्या. माझ्या पहिल्या बटाट्याला आरपार भोक पडलं, साखरेचं पाणी खाली गेलं आणि मी तासभर सिद्धांतालाच दोष देत बसलो. खड्ड्यात साखरेचं पाणी भरा, बटाटा साध्या पाण्याच्या ताटलीत ठेवा आणि खड्ड्यातल्या पातळीवर टाचणी टोचा. दुसऱ्या बटाट्याच्या खड्ड्यात नुसतं पाणी भरा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि उकडलेल्या बटाट्यात पातळी का चढत नाही, हे बघून ठेवा. उकडल्यावर पेशींचे पडदे फाटतात, मग साखर अडवायला कोणी उरत नाही. मला हे कोणी विचारलं नाही. माझ्यामागच्या मुलीला विचारलं, आणि तिनं आदल्या रात्री घरी एक उकडून बघितला होता.