किलिमांजारोला जायचंय? तयारी अशी करा, आणि दिवसांत कंजुषी करू नका

किलिमांजारो म्हणजे आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर, 5,895 मीटर, टांझानियात. नेहमीच्या वाटांनी दोर, बर्फाची कुऱ्हाड असलं काही न घेता चालतच माथ्यावर जाता येतं म्हणून हल्ली मुंबई-पुण्याचे बरेच लोक जातात. गाइडशिवाय तिथे चढू देत नाहीत, पार्कचा नियमच आहे, त्यामुळे कुठल्यातरी कंपनीचं पॅकेज घ्यावंच लागतं. पण चालत जाता येतं म्हणजे सोपं आहे असं मुळीच नाही, अर्ध्यातून परत फिरणारे पाय थकले म्हणून कमी आणि उंची लागली, म्हणजे विरळ हवा सोसली नाही, म्हणून जास्त फिरतात. म्हणून तयारीतला सगळ्यात मोठा निर्णय बुटांचा नाही, दिवसांचा आहे.

1. आधी दिवस ठरवा, मग रूट

पार्कची फी दिवसावर असते, त्यामुळे जेवढे दिवस कमी तेवढं पॅकेज स्वस्त, आणि लोक इथेच फसतात. मारांगू नावाच्या रूटचं 5 दिवसांचं पॅकेज बघून वाटतं सुट्टी पण वाचली पैसे पण वाचले, पण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ तुम्ही कितीही फिट असलात तरी चुकत नाही. माथ्यावर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही उंची लागते आणि पन्नाशीच्या काकू आरामात वर पोचतात, असं तिथे सर्रास दिसतं.

माझं मत विचाराल तर माचामे रूट 7 दिवसांचा किंवा लेमोशो 8 दिवसांचा घ्या. या दोन्ही रूटवर एक दिवस असा असतो की दुपारी लाव्हा टॉवरला साधारण 4,600 मीटरपर्यंत चढायचं आणि झोपायला खाली बारांको कॅम्पला 3,900 च्या आसपास उतरायचं. वर चढून खाली झोपलं की शरीर पटकन जुळवून घेतं, हा एक दिवस फार कामाचा आहे. मारांगूला तंबूऐवजी लाकडी हट्स असतात हे खरं, तंबू अजिबात नको असेल तर तोच घ्या पण 6 दिवसांचा, होरोंबो हटला एक जादा मुक्काम टाकून.

सीझन जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, नाहीतर जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मे मध्ये तिकडे मोठा पाऊस असतो, आपली शाळेची सुट्टी नेमकी तेव्हाच येते, पण तरी ते महिने टाळा.

2. कंपनीला हे प्रश्न विचारा

गाइडकडे पल्स ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन सिलिंडर असतो का, रोज संध्याकाळी तपासणी होते का, एखाद्याला खाली न्यायची वेळ आली तर सोबत कोण उतरतं आणि बाकीच्या ग्रुपचं काय होतं. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा.

आणि पोर्टरबद्दल नक्की विचारा. तुमचा तंबू, गॅस, भाजीपाला, खुर्च्यासुद्धा हे लोक डोक्यावर घेऊन तुमच्या आधी कॅम्पला पोचतात. एका पोर्टरवर 20 किलोची मर्यादा आहे आणि त्यातली तुमची बॅग साधारण 15 किलोपर्यंत चालते. खूपच स्वस्त पॅकेज असेल तर ते स्वस्त बहुतेक वेळा यांच्या मजुरीतून आणि जेवणातून झालेलं असतं. पोर्टरच्या हक्कांसाठी तिथे किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून संस्था काम करते, तिच्याशी जोडलेली कंपनी घेतली तर निदान एवढी खात्री राहते. शेवटच्या दिवशीची टिप ही तिथे वरखुशी नाही, ते बजेटमध्ये आधीच धरा, डॉलरच्या नव्या कोऱ्या नोटा न्या कारण जुन्या फाटक्या नोटा कोणी घेत नाही.

3. डॉक्टर, लस, इन्शुरन्स

हे दोन-तीन महिने आधीच करून टाका. बीपी, शुगर, हृदय, दमा यातलं काही असेल तर डॉक्टरांना सरळ सांगा की 5,895 मीटरला जातोय. डायमॉक्स (उंची लागू नये म्हणूनची गोळी) घ्यायची की नाही, किती घ्यायची हेही त्यांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला जावं लागतं, त्यामुळे घ्यायची ठरलीच तर घरी असताना एकदा घेऊन बघायची का तेही विचारून घ्या.

मुंबईहून जाताना बऱ्याचदा आदिस अबाबा (इथिओपिया) किंवा नैरोबीला (केनिया) विमान बदलावं लागतं, हे दोन्ही देश पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत, त्यामुळे ती लस घेऊन कार्ड सोबत ठेवा. ती फक्त अधिकृत केंद्रात मिळते आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. इन्शुरन्स काढताना 6,000 मीटरपर्यंतचं ट्रेकिंग लिहिलंय का ते शब्दन्‌शब्द वाचा, बऱ्याच पॉलिसी त्याच्या खूप खालीच थांबतात.

4. पायांची तयारी

चार-पाच महिने पुरतात. आठवड्यात तीन-चार दिवस जिने किंवा भरभर चालणं, आणि शनिवार-रविवार डोंगर. पुण्यात असाल तर सिंहगड आहेच, पाठीवर 6-7 किलोची सॅक घेऊन चढा, जमायला लागलं की एकाच सकाळी दोनदा. मुंबईकरांना कळसूबाई, हरिश्चंद्रगड. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस ट्रेक करा, म्हणजे शनिवारी राजगड आणि दुखऱ्या पायांनी रविवारी तोरणा, कारण तिकडे रोज उठून चालायचंच असतं.

उतरायची प्रॅक्टिस मुद्दाम करा, ती कोणीच करत नाही. माथा गाठला त्याच दिवशी माचामे-लेमोशोवाल्यांना म्वेका या उतरणीवरच्या कॅम्पपर्यंत खाली यायचं असतं, म्हणजे जवळजवळ 2,800 मीटर उतार एका दिवसात, गुडघे बोलायला लागतात. एक मात्र लक्षात घ्या, सह्याद्रीने पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. कळसूबाईचा माथा 1,646 मीटर, आणि मारांगूचं नुसतं गेटच त्याहून उंचावर आहे.

5. सामान

सगळं विकत घेऊ नका, जाड डाउन (पिसांचं) जॅकेट आणि स्लीपिंग बॅग मोशीत, म्हणजे तिथल्या पायथ्याच्या गावात, भाड्याने मिळते. बूट मात्र स्वतःचे, आणि निदान दोन महिने वापरून मऊ झालेले. ते विमानात पायात घालूनच बसा, बॅग हरवली तर बाकी सगळं भाड्याने मिळेल, मापाचे रुळलेले बूट मिळणार नाहीत. विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर चढायच्या रात्री उणे 10 ते उणे 20 पर्यंत जातं, त्यामुळे कपडे थरांवर थर, कॉटन अजिबात नको. हेडलॅम्प, जादा सेल, काठ्या, गेटर्स (बुटात खडी जाऊ नये म्हणून घोट्यावर घालायचे), चांगला गॉगल, सनस्क्रीन. टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, घरूनच सामान कापडी पिशव्यांत भरा.

खायचं स्वतःचं थोडं न्याच. व्हेज आहात ते कंपनीला आधी लिहून कळवा, कुक छान सूप-भाजी करतात, पण चार हजारांच्या वर भूक मरते आणि समोरचं काही जात नाही, तेव्हा शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, भातावर मेतकूट आणि लिंबाचं लोणचं हे पोटात जातं.

6. डोंगरावर

हळू चाला. म्हणजे चालताना आरामात बोलता येईल इतकं हळू, गाइडच्या पुढे जायचं नाही. दिवसाला 3-4 लिटर पाणी. संध्याकाळी मेस टेंटमध्ये चहा आणि पॉपकॉर्न येतात, गाइड बोटाला ऑक्सिमीटर लावतो आणि विचारतो डोकं दुखतंय का, जेवण जातंय का, झोप लागली का. इथे खरं बोला. माथा हुकेल या भीतीने लोक डोकेदुखी लपवतात आणि हेच सगळ्यात धोक्याचं आहे. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, किंवा नुसतं बसल्यावरही धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी खाली उतरायचं. गाइड परत चला म्हणाला तर तिथे वाद नको.

माथ्यावर चढायच्या रात्री बाराफू या वरच्या शेवटच्या कॅम्पवरून अकरा-बाराच्या सुमाराला निघायचं. घसरडी खडी, अंधार आणि पुढच्याच्या टाचा, सहा-सात तास एवढंच. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची (ब्लॅडरची) नळी गोठते, म्हणून बाटली न्या आणि मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ धरला तर बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. फोन आणि जादा सेल आतल्या खिशात, अंगाला लागून. उजाडताना स्टेला पॉइंट येतो, तिथे बरेच जण बसकण मारतात, पण बसू नका, उहुरू पीक, म्हणजे खरा माथा, तिथून तासाभरावर आहे आणि चढ बराच सौम्य होतो. वर दहा-पंधरा मिनिटं, फोटो, आणि उतरायला लागा.

ट्रेकला निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं नीट कापलेली असू द्या, नाहीतर उतारावर बुटात आपटून काळीनिळी होतात. आणि परतीचं विमान खाली उतरल्याच दिवशीचं काढू नका, मोशीत एक रात्र ठेवा, ट्रेक एखादा दिवस पुढे-मागे झाला तर गाइडवर घाई करायची वेळ येत नाही.