बॅटरी बदलण्याआधी कपलर उघडा : मोटारसायकलच्या चार्जिंग वायरिंगमधील चुका

पावसाळा सुरू झाला की माझ्या गॅरेजमध्ये एकच तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात : सकाळी सेल्फ लागत नाही, दिवा मंद होतो, नवी बॅटरी घालूनही आठवड्यात पुन्हा तेच. मुंबईची खारी हवा आणि साचलेल्या पाण्यातून काढलेली गाडी यांमुळे कपलरमधील, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या कनेक्टरमधील, पिना हिरव्या पडतात. तरीही दहापैकी आठ जण आधी बॅटरी बदलतात आणि व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर शेवटी हातात घेतात. मला सर्वांत जास्त खटकणारी चूक हीच आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये भांडुपहून पार्सल पोहोचवणारा एक तरुण आला आणि म्हणाला, "काका, वर्षात ही तिसरी बॅटरी आहे. तुम्ही म्हणाल तर चौथी घालतो, पण एकदाच काय तो निकाल लावा." मी त्याला बसायला सांगून बॅटरीवर मीटर लावला. इंजिन पाच हजार आरपीएमवर असताना आणि हेडलाइट चालू असताना तिथे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवे होते, पण १२.७ च दिसत होते. आधीच्या मेकॅनिकने रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणारी वीज डीसी करून तिचे व्होल्टेज आवरणारा भाग) बदलला होता, स्टेटरही (इंजिनमधली एसी वीज तयार करणारी गुंडाळी) काढायला सांगितला होता. मी काळे टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरच ठेवले आणि लाल टोक रेग्युलेटरच्या लाल तारेच्या कपलरमागे लावले, तर तिथे १४.१ मिळाले. म्हणजे रेग्युलेटर आपले काम करत होता आणि बॅटरीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी १.४ व्होल्ट गळत होते.

सीटखाली टेपची जाड गुंडाळी होती. त्याच लाल तारेवरचा बॅटरीकडचा दुसरा, कधीतरी वितळलेला कपलर कोणीतरी कापून टाकला होता आणि तारेची टोके नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडवली तेव्हा तांबे काळे-हिरवे झालेले होते आणि बऱ्याच तारा तुटून दोन-चारच जोडलेल्या राहिल्या होत्या. त्या तारेतून सुमारे सहा अँपिअर जात होते, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेत आठ वॅटच्या आसपास उष्णता तयार होत होती. आधीच्या मेकॅनिकने मीटरची बीप वाजवून तार तपासली होती आणि बीप वाजली होती. बीप एका धाग्यावरही वाजते, कारण मीटर त्या वेळी अगदी नगण्य प्रवाह सोडतो. भार पडल्यावर तार काय करते हे ती कधीच सांगत नाही. म्हणून मी तार नेहमी चालत्या इंजिनवर तपासतो : एक टोक रेग्युलेटरच्या लाल तारेवर, दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर, आणि फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला की मधला प्रत्येक जोड उघडून पाहतो. अर्थिंगच्या बाजूलाही अगदी तसेच करतो, कारण रंगवलेल्या चॅसीवर कसलेली अर्थिंगची तार तितकाच त्रास देते.

जोड दुरुस्त करताना गंज दिसेनासा होईपर्यंत तार मागे कापतो, कारण हिरवेपणा आवरणाखालून बराच आत शिरलेला असतो. मग त्याच जाडीची तार, क्रिंपिंग प्लायरने दाबलेली नवी पिन आणि वर गोंद असलेली स्लीव्ह असे काम करतो. चालत्या गाडीच्या कंपनाने सोल्डरच्या कडेला तार तुटते, त्यामुळे नुसत्या सोल्डरवर मी विश्वास ठेवत नाही. लॅमिंग्टन रोडवर हे सामान सहज मिळते आणि एका बॅटरीच्या किमतीपुढे त्याचा खर्च अगदी किरकोळ असतो. घाईत असलेल्या नवशिक्याला हा अर्धा तास फुकट गेल्यासारखा वाटतो, पण त्या तरुणाने तीन बॅटऱ्यांचे पैसे याच अर्ध्या तासापायी घालवले होते.

दुसरी चूक जुन्या उस्तादांकडून आलेली आहे : चालत्या गाडीची बॅटरीची तार काढायची आणि गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक आहे असे मानायचे. बॅटरी व्होल्टेजचे चढउतार सांभाळत असते. ती काढली की व्होल्टेज उसळते आणि रेग्युलेटर, मीटर कन्सोल किंवा इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) जळू शकतो. एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनवर आल्या आहेत, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या काळात एखाद्या वेळी निभावलेली ही सवय आता फार महाग पडते.

स्टेटर खराब आहे असे ठरवण्याआधी त्याचा कपलर सोडवा, मीटर एसीवर ठेवा आणि पिवळ्या तीन तारांच्या तीन जोड्या एकाच आरपीएमवर मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. इंजिन बंद करून त्यांपैकी कोणत्याही तारेचा बॉडीशी संबंध नाही हेही पाहा. यात खोट निघाली तरच इंजिनचे कव्हर उघडा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका, शॉर्ट शोधा. एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, म्हणून फॉग लाइट जोडण्याआधी चार्जिंगमध्ये किती शिल्लक उरते ते मोजा आणि तो रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) व वेगळ्या फ्यूजवरूनच जोडा. प्रेशर पंपाचा फवारा कपलरवर मारू देऊ नका. रेग्युलेटरच्या पंखांवर चिखल साचू देऊ नका.

काम संपले की मी गाडी हेडलाइटसह दहा मिनिटे चालवतो, इंजिन बंद करतो आणि लगेच दुरुस्त केलेल्या कपलरला हात लावतो. कोमट लागला तर सीट बसवतो. हात ठेववला नाही तर पिना पुन्हा बाहेर काढतो, मग दारात ग्राहक कितीही खोळंबला असला तरी.