स्पोर्ट्स कारचा गिअर टाकताना या चुका टाळा (गाडी भारतात शिकला असाल तर जास्तच)

पुण्यात नाहीतर नाशकात वॅगनआरवर गाडी शिकायची, काही वर्षं ट्रॅफिकमध्ये क्लच झिजवायचा, मग अमेरिकेत नोकरी लागते, ऑटोमॅटिक चालवून चालवून वैताग येतो आणि एक दिवस सेकंडहँड मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) दारात उभी राहते. असे मराठी लोक इकडे भरपूर आहेत आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मॅन्युअल ना, ते तर आपल्याला येतंच की! येतं हो, पण जे येतं ते 2000-2500 आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) येतं. 6500 ला तेच हात-पाय घोळ घालतात, आणि घोळ बहुतेक वेळा हाताचा नसतोच, इंजिनचे आरपीएम आणि चाकाचा वेग जुळलेला नसतो एवढंच असतं.

उदाहरणासाठी सध्याची मियाटाच घेतो, म्हणजे माझदा एमएक्स-5 ची 2015 ला आलेली एनडी पिढी, 2 लिटर इंजिन, सहा गिअर. तुमच्याकडे दुसरी गाडी असेल तर आकडे बदलतील, गणित तेच.

दांडा हाणणे

सिनेमात बघून लोकांना वाटतं गिअर जितक्या ताकदीने मारू तितका फास्ट पडतो. तसं काही नसतं. या गाडीचे रेशो बघा (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे), पहिला 5.087, दुसरा 2.991, तिसरा 2.035, चौथा 1.594, पाचवा 1.286 आणि सहावा बरोबर 1. आता पहिल्यात 6500 ला क्लच दाबलात तर दुसऱ्यात इंजिन साधारण 3800 वर असायला हवं, म्हणजे सुई 2700 ने खाली यायला हवी, आणि ती यायला वेळ लागतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फरक 2000 च्या आसपास, तिसऱ्यातून चौथ्यात 1400. म्हणून पहिला-दुसरा नेहमी झटका देतो आणि वरचे गिअर आपोआप मऊ वाटतात, त्यात तुमचा हात वर जाता जाता सुधारतो असं काही नाही.

शिवाय तुम्ही दांडा रेटता तेव्हा आत जे चेपलं जातं ती सिंक्रोची रिंग, बहुतेक गाड्यांत पितळी. गिअर आणि शाफ्ट यांचा वेग घासून एक करणं हे तिचं काम, आणि ते व्हायच्या आत तुम्ही जोर लावला की ती झिजते. करायचं काय, तर दांडा न्यूट्रलपर्यंत पटकन आणायचा, तिथे किंचित टेकू द्यायचा, मग बोटांनी ढकलायचा. पूर्ण मूठ आवळायची गरजच नाही. गिअर आत ओढल्यासारखा गेला की समजा वेळ बरोबर जमली.

एक गंमत नव्या गाड्यांची. एमिशनच्या सेटिंगमुळे रेसवरून पाय काढला तरी आरपीएम लगेच पडत नाहीत, क्षणभर लटकून राहतात. हळू चालवताना घाईने गिअर टाकला की गाडी पुढे हिसका देते आणि माणूस स्वतःच्या पायाला शिव्या घालतो. क्लच दाबायच्या जरा आधी रेस सोडा, फरक पडेल.

चुकीच्या खिडकीत गिअर जाणे, म्हणजेच मनी शिफ्ट

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. तिसऱ्यात 6500 ला आहात, चौथा टाकायचाय आणि दांडा चुकून दुसऱ्यात गेला, क्लच सोडला. 6500 गुणिले 2.991 भागिले 2.035, म्हणजे इंजिन साडेनऊ हजारांवर. 2019 च्या अपडेटनंतर या गाडीची रेडलाइन, म्हणजे इंजिनची फिरायची कमाल मर्यादा, 7500 आहे, त्याआधी 6800 होती. रेव्ह लिमिटर आहे ना मग, असं विचारणारे भेटतातच. लिमिटर इंधन तोडतो, पण इथे इंजिनला चाकं फिरवतायत, इंधनाचा संबंधच नाही. व्हॉल्व वाकतात, कधी कनेक्टिंग रॉडपर्यंत प्रकरण जातं. बऱ्याच गाड्यांत डीलर कॉम्प्युटर लावून ओव्हर-रेव्हची (मर्यादेपलीकडे इंजिन फिरल्याची) नोंद बघू शकतो, त्यामुळे वॉरंटीत तोंड उघडायलाही जागा राहत नाही.

आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट, जी इथल्या व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांना तो प्रश्नच येत नाही. भारतात स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताने. हात मागे खेचला की तो नैसर्गिकपणे अंगाकडे येतो, म्हणजे दांडा उजवीकडे सरकतो, म्हणजे तिसऱ्यातून चौथ्याऐवजी फार तर सहावा पडेल. इंजिन मरगळेल, दुसरं काही नाही. अमेरिकेत उजवा हात, तीच अंगाकडे खेचायची सवय दांड्याला डावीकडे नेते, आणि डावीकडे मागे बसलाय दुसरा गिअर. तीच हालचाल, तिकडे निरुपद्रवी आणि इकडे इंजिन खोलायला लावणारी. उलट भारतात जोर अंगापासून लांब गेला तर धोका, पाचव्यातून चौथा टाकताना दांडा बाहेर ढकलला की थेट दुसरा.

यावर उपाय साधा आहे. न्यूट्रलमध्ये दांडा सोडून बघा, स्प्रिंग त्याला स्वतःहून तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणते. तिसऱ्या-चौथ्यात फक्त सरळ पुढे-मागे, आजूबाजूचं काम स्प्रिंगला करू द्यायचं. तळहात कुठे ठेवायचा तेही ठरवा: इकडे तिसरा-चौथा करताना तळहात दांड्याच्या डाव्या अंगाला, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे चुकून जोर लागलाच तरी तो दुसऱ्यापासून लांब जाईल. गाडी बंद करून, क्लच दाबून, पार्किंगमध्ये बसून हे घोकायला काही लाज नाही. आणि सीट! क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे, लांब बसलात तर क्लच अर्धवट दबतो आणि अंग ओढलं गेलं की हात पण तिरका जातो.

खालचा गिअर टाकून क्लच नुसता सोडून देणे

ताशी 80 किमीला तिसऱ्यात इंजिन साधारण 4100 वर असतं, त्याच वेगाला दुसऱ्यात 6000. हे मधले 1900 कोणीतरी भरायचे असतात. तुम्ही रेस देऊन भरले नाहीत तर क्लच घासून भरतो आणि मागची चाकं ब्रेक लागल्यासारखी थबकतात. वॅगनआर पुढच्या चाकांवर चालते त्यामुळे ही चूक तिथे खपून जायची. मियाटा मागच्या चाकांवर, ओल्या रस्त्यात वळणावर असं केलं तर शेपूट पुढे यायला बघते.

क्लच दाबा, दांडा न्यूट्रलमधून नेताना रेसला एक टिचकी द्या, गिअर टाका, क्लच सोडा. बहुतेकांची टिचकी फार छोटी असते, किंवा बरोबर असते पण क्लच सोडेपर्यंत आरपीएम परत पडलेले असतात. नाक खाली गेलं तर रेस कमी पडली, गाडी पुढे उसळली तर जास्त झाली, एवढं लक्षात ठेवून पुढची दुरुस्त करत जायचं. हील-टो, म्हणजे ब्रेक लावता लावताच रेसची टिचकी, हा याच्या नंतरचा धडा, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाच्या उजव्या कडेने रेस. ब्रेक जोरात दाबलेला असतो तेव्हाच दोन्ही पेडल एका पातळीला येतात, त्यामुळे सिग्नलला हळूहळू थांबताना ते जमत नाही म्हणून नाराज होऊ नका. एससीसीएचे (अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब) ऑटोक्रॉस, म्हणजे शंकूंमधून एकेक गाडी वेळ लावून पळवायच्या स्पर्धा, मोकळ्या पार्किंगमध्ये भरतात, तिथे पण आधी दुसऱ्या गिअरमध्येच राहा, मियाटाला बराचसा कोर्स तेवढ्यात होतो. पहिल्यात जायचा मोह नको, ताशी 50 किमीला पहिल्या गिअरमध्ये इंजिन 6400 च्या आसपास असतं.

ड्रायव्हिंग स्कूलची देणगी

ब्रेकसोबत लगेच क्लच दाबणे, गाडी बंद पडायच्या भीतीने. घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रल. सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे. क्लचवर पाय टेकवून चालवणे. यातलं काहीच इथे चालत नाही, आणि न्यूट्रलने पेट्रोल वाचतं हे तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत खोटंच आहे, गिअरमध्ये रेस सोडली की इंजेक्टर बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलला पेट्रोल लागतंच.

खर्रर्र आवाज येत असेल तर

आधी स्वतःला दोष देऊ नका. थंडीत सकाळी दुसरा गिअर जड जात असेल तर ऑइल गार आहे, काही मिनिटं हळू चालवा. एकाच गिअरला खरखर येते आणि डबल क्लच केल्यावर थांबते (न्यूट्रलला क्लच सोडून, रेस जुळवून परत दाबायचा), तर त्या गिअरचा सिंक्रो गेलाय. सगळेच गिअर अडतात, उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना पण आवाज, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बॉनेट उघडून क्लच फ्लुइडची पातळी बघा. जुन्या एनए आणि एनबी (पहिल्या दोन पिढ्यांच्या) मियाटांचे स्लेव्ह सिलेंडर (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) गळण्यासाठी प्रसिद्धच आहेत, पार्ट स्वस्त आहे. वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, तर क्लच प्लेट संपली. आणि गिअर ऑइल बदलताना दुकानदार देईल ते नको, मॅन्युअलमध्ये जी ग्रेड लिहिलीये तीच, कारण जीएल-4 ग्रेड सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-5 ग्रेडचं ओतलं तर काही ऑइलमधली रसायनं पितळ खातात आणि सिंक्रोवर पकडही नीट मिळत नाही.