इस्लामी राज्यसंकल्पनेवर लिहिताना या चुका टाळा

‘इस्लाममध्ये धर्म आणि राज्य वेगळे नाहीतच’ असं पहिल्याच परिच्छेदात ठोकून देऊ नका. खुद्द मुस्लिम विचारवंतांत हा वादाचा मुद्दा आहे. मार्च १९२४मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. पुढच्याच वर्षी कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकलेल्या अली अब्दुल राझिक यांनी मांडलं की इस्लामने कुठलीही ठरावीक राज्यपद्धती सांगितलेली नाही. अल-अझहरने त्यांचा ‘आलिम’ (धर्मविद्वान) हा दर्जा काढून घेतला; वाद मात्र आजही चालूच आहे.

जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौदूदी आणि इराणच्या इस्लामी क्रांतीचे नेते खोमेनी यांना एका माळेत ओवणं ही दुसरी चूक. मौदूदींचा जन्म १९०३चा, औरंगाबादचा (मराठी लेखांत नेमकं हेच राहून जातं). सार्वभौमत्व अल्लाचं, पण पृथ्वीवरची त्याची खिलाफत, म्हणजे प्रतिनिधित्व, सगळ्या श्रद्धावानांची, एखाद्या धर्मगुरूवर्गाची नव्हे, असं ते म्हणत. खोमेनींनी १९७०मध्ये नजफच्या व्याख्यानांत सत्ता फकीहाच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाच्या, हाती दिली. त्यामागे अदृश्य इमामाची (बारावा इमाम दृष्टिआड आहे आणि परत येईल, ही) शिया श्रद्धा आहे. पण खोमेनींची ही मांडणीही सगळ्या शियांच्या वतीने लिहू नका: नजफचेच आयातुल्ला खूई यांना फकीहाची अशी राजकीय सत्ता मान्य नव्हती.

इराणला नुसतं ‘मुल्लांचं राज्य’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी आधी संविधान उघडावं. कलम ९१ : पालक परिषदेत १२ जण, ६ फकीह सर्वोच्च नेत्याने नेमलेले, ६ कायदेतज्ज्ञ संसदेने निवडलेले. कलम ९४ : संसदेचा प्रत्येक कायदा त्यांच्याकडे जातो. खरी मेख कलम ९६मध्ये आहे. कायदा इस्लामशी सुसंगत आहे का, हे फक्त ते ६ फकीह ठरवतात. संविधानाशी सुसंगत आहे का, हे बाराही जण.

पण म्हणून शरियतच कायम वरचढ ठरते, असंही नाही. जानेवारी १९८८च्या पत्रात खोमेनींनी लिहिलं की राज्याचं हित धोक्यात असेल तर हजसुद्धा तात्पुरती थांबवता येते. त्याच वर्षी संसद आणि पालक परिषद यांच्यातली कोंडी फोडायला हितनिर्णय परिषद स्थापन झाली. १९८९च्या दुरुस्तीत सर्वोच्च नेता ‘मरजा’ (शियांमधला सर्वोच्च श्रेणीचा धर्मशास्त्रज्ञ) असण्याची अटही गेली. त्यामुळे १९७९चं मूळ संविधान वाचून आजच्या इराणवर लिहिलंत, तर लेख तिथेच फसतो.

आयसिसवरून सगळ्या इस्लामवाद्यांचा निवाडा करणाऱ्यांनी ट्युनिशियाची एन्नहदा ही इस्लामवादी पार्टी पाहावी. २०१६मध्ये तिने राजकारण आणि धर्मप्रचार अधिकृतपणे वेगळे केले.