रोव्हरच्या मागं मागं मोठ्या विवरापर्यंत: मंगळावरचा प्रवास स्वतः कसा फॉलो करायचा

मंगळावर फिरणारी यंत्रगाडी म्हणजे रोव्हर, तो फॉलो करतो म्हणणारे बहुतेक जण काय करतात, तर बातमी आली की फोटो बघतात, वा वा म्हणतात आणि पुढच्या बातमीपर्यंत विसरून जातात. त्याला काही हरकत नाही, पण खरी मजा वेगळीच आहे. तो काल किती सरकला, कुठं वळला, मधेच का थांबला, क्षितिजावरचा तो पुसट ठिपका आज जरा जाड दिसतोय का, हे सगळं स्वतः शोधून काढायचं. दुर्बीण नको, गणित शाळेतलं पुरतं, फक्त चिवटपणा पाहिजे, कारण यात आठवडेच्या आठवडे काहीही घडत नाही.

सरावासाठी मी डोळे झाकून नासाच्या ऑपर्च्युनिटी रोव्हरचा व्हिक्टोरिया विवर ते एंडेव्हर विवर हा प्रवास सुचवीन. आता चालू असलेला रोव्हर का नको, तर हा प्रवास पूर्ण झालाय, सगळे फोटो जपून ठेवलेत आणि उत्तरपत्रिकाही हाताशी आहे, म्हणजे तुम्ही काढलेला अंदाज बरोबर आला का ते लगेच तपासता येतं. थोडक्यात पार्श्वभूमी अशी की हा रोव्हर २५ जानेवारी २००४ ला मेरिडियानी प्लानमवर उतरला, ९० सोल (मंगळाचे दिवस) टिकला तरी पुष्कळ असं धरलं होतं, पण तो ऑगस्ट २००८ मध्ये साधारण पाऊण किलोमीटर रुंदीच्या व्हिक्टोरिया विवरातून बाहेर आला तेव्हाही धडधाकट होता. मग टीमनं ठरवलं की आता २२ किलोमीटर रुंदीचं एंडेव्हर गाठायचं. सरळ रेषेत अंतर सुमारे १२ किलोमीटर. चालेल त्या दिवशी शंभर मीटर गेला तरी, रोज चालणं होत नसल्यानं, दोन वर्षं लागतील असा तेव्हाचा हिशोब होता, प्रत्यक्षात लागली तीन आणि चाकं फिरली सुमारे २१ किलोमीटर. हा १२ आणि २१ मधला फरक कुठून आला, हे फोटोंवरून उलगडणं हाच तुमचा सराव.

आधी सोल डोक्यात बसवा. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा, त्याला सोल म्हणतात, आणि ऑपर्च्युनिटीचा सोल १ म्हणजे उतरला तो दिवस. तारखेवरून सोल काढायचा तर मधले दिवस मोजून १.०२७५ नं भागायचं आणि एक मिळवायचा. उदाहरणार्थ ९ ऑगस्ट २०११, एंडेव्हरला पोचला तो दिवस, उतरल्यापासून २७५३ दिवस, भागून एक मिळवला की २६८० येतो. अधिकृत आकडा २६८१ आहे. एखादा सोल इकडेतिकडे होतो, त्यावरून डोकेफोड करू नका.

आता फाइलचं नाव वाचायला शिका, इथं नवखे लोक कंटाळतात पण सगळा खजिना त्यातच आहे. नाव १ नं सुरू झालं तर ऑपर्च्युनिटी, २ असेल तर त्याचा जुळा भाऊ स्पिरिट (आधी उतरला स्पिरिट आणि नंबर मात्र दुसरा, मी यात बरेच दिवस घोळ घातलाय). दुसरं अक्षर कॅमेऱ्याचं, पी म्हणजे पॅनकॅम (बारीक तपशील टिपणारा), एन म्हणजे नॅवकॅम (वाट शोधायचा), एफ आणि आर म्हणजे पुढचा आणि मागचा हॅझकॅम (चाकांजवळचे अडथळे बघणारा), एम म्हणजे दगडाला नाक लावून फोटो काढणारा मायक्रोस्कोपिक इमेजर. मग नऊ अंक येतात ते सेकंद, १ जानेवारी २००० च्या दुपारपासून मोजलेले, म्हणजे फोटो नेमका कधी काढला ते निघालं. मग तीन अक्षरं, ईएफएफ असेल तर पूर्ण फ्रेम, ईटीएच असेल तर नुसतं थंबनेल. आणि त्यानंतरची चार अक्षरं सगळ्यात कामाची, दोन साइटची (ठिकाणाचा क्रमांक) आणि दोन ड्राइव्हची (त्या ठिकाणातली गाडीची जागा). ही चार बदलली म्हणजे रोव्हर हलला, सारखीच राहिली म्हणजे तिथंच उभा आहे. शेवटाकडं एल किंवा आर येतं, म्हणजे डावा की उजवा डोळा, आणि त्यापुढं फिल्टरचा नंबर. एवढं जमलं की फोटो न उघडता नुसती यादी बघून सांगता येतं की आज गाडी चालली का नाही.

हे करताना एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. काही आठवडे रोव्हर एक सोल सोडून एक सोल चालतो आणि आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, त्यामुळं तिथली दुपार आपल्या घड्याळात रोज पुढं सरकते, आणि कधीकधी दिवसभराच्या ड्राइव्हचे फोटो पृथ्वीवर पोचेपर्यंत इथल्या लोकांची पुढचा प्लॅन पाठवायची वेळ निघून गेलेली असते. गाडी नक्की कुठं थांबलीय हे माहीत नसताना पुढची ड्राइव्ह कोण देणार? अशा सोलला मग जागेवर बसून होण्यासारखी कामं. शिवाय दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडं जातो तेव्हा दोनेक आठवडे कमांडच पाठवत नाहीत. २०११ च्या सुरुवातीला हा असाच सांता मारिया विवराच्या काठावर बसून होता. वहीत अशा दिवसांसमोर "आराम" लिहायचं आणि पुढं जायचं.

हो, वही पाहिजेच. स्प्रेडशीट म्हणा हवं तर. सोल, साइट आणि ड्राइव्ह नंबर, अंदाजे किती मीटर, कुठल्या दिशेला, आणि एक रकाना "काय विचित्र दिसलं" असा. हा शेवटचा रकाना कधी कामाला येईल सांगता येत नाही. जुलै २००९ मध्ये रोव्हर एका काळपट दगडाजवळून पुढं निघून गेला, नंतर आलेल्या फोटोंत टीमला तो दिसला आणि गाडी चक्क मागं फिरवली, तो निघाला ब्लॉक आयलंड, सुमारे ६० सेंटिमीटरचा लोखंड-निकेलचा उल्कापाषाण. तेव्हा पुढचे फोटो बघताना मागचेही बघा, चाकांच्या खुणांच्या बाजूला काय राहून गेलं ते.

नकाशावर जागा शोधणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या हायराइज कॅमेऱ्याचे फोटो फुकट मिळतात, त्यात एक पिक्सेल साधारण २५ सेंटिमीटरचा, म्हणजे दीड मीटरचा रोव्हर सहा पिक्सेलमध्ये मावतो, आणि चाकांच्या रेघाही बऱ्याचदा दिसतात. फाइली प्रचंड मोठ्या असतात, म्हणून हवा तेवढाच तुकडा कापून घ्या. आता ड्राइव्ह संपल्यावर काढलेले नॅवकॅमचे फोटो घ्यायचे, हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून पॅनोरमा करायचा, मग जिंप या फोटो एडिटरमधल्या पोलर कोऑर्डिनेट्स फिल्टरनं तो आडवा पट्टा गोल वळवायचा, की वरून बघितल्यासारखं चित्र तयार. यात अंतरं चुकीची येतात, लांबच्या गोष्टी दाबल्या जातात, पण दिशा बरोबर राहतात आणि आपल्याला दिशाच पाहिजेत. एखादं छोटं विवर, एखादा उघडा खडक, वाळूची एखादी दुभंगलेली वळी, अशा तीन ओळखीच्या खुणा नकाशावर सापडल्या की तीन रेघा ओढा, जिथं छेदतील तिथं तुमचा रोव्हर. पहिल्यांदा मला एका सोलला पूर्ण संध्याकाळ लागली होती, आणि उत्तर तपासल्यावर कळलं की मी उत्तर दिशाच उलटी धरली होती.

असे पंधरावीस बिंदू जोडले की १२ चे २१ कसे झाले ते आपोआप दिसायला लागतं. व्हिक्टोरियातून निघाल्यावर गाडी विवराकडं सरळ गेलीच नाही, आधी दक्षिणेला उतरली आणि मग पूर्वेला वळली, कारण मधे वाळूच्या मोठ्या वळ्या होत्या. एप्रिल २००५ मध्ये पर्गेटरी नावाच्या अशाच एका वळीत हा रोव्हर रुतला होता, जेमतेम फूटभर उंचीची वळी पण बाहेर पडायला जून उजाडला, त्यानंतर टीमनं वाळूचा धसकाच घेतला. दुसरं म्हणजे पुढच्या उजव्या चाकाची मोटर जास्त करंट खायला लागली होती, म्हणून बरीचशी वाट हा उलटा, पाठ पुढं करून चालला. फोटो बघताना हे लक्षात नसेल तर गाडी चुकीच्या दिशेला चाललीय असंच वाटतं.

आता क्षितिज. मार्च २००९ मध्ये पॅनकॅमनं पहिल्यांदा एंडेव्हरचा काठ पकडला, जवळचा भाग १२ किलोमीटरवर, लांबचा ३४ वर, आणि त्याही पलीकडं ३८ किलोमीटरवर इआझू नावाच्या दुसऱ्या विवराचा काठ. आता गंमत बघा. मंगळाची त्रिज्या ३३९० किलोमीटर, कॅमेरा दीड मीटर उंचीवर, तर सपाट जमिनीवर क्षितिज येतं फक्त ३.२ किलोमीटरवर! मग १२ किलोमीटरवरचं दिसलं कसं? क्षितिजापलीकडचं अंतर ८.८ किलोमीटर, त्याचा वर्ग करून त्रिज्येच्या दुपटीनं भागा, येतात सुमारे ११ मीटर. म्हणजे तिथं ११ मीटरपेक्षा उंच जे काही असेल त्याचं टोक दिसणार. हेच ३४ किलोमीटरला केलं तर १४० मीटर येतात, म्हणजे पलीकडचा काठ दिसतोय यावरूनच कळतं की ती टेकाडं नाहीत, चांगले डोंगर आहेत. जमीन तंतोतंत सपाट नसते त्यामुळं आकडा ढोबळ समजायचा, पण एका पुसट रेघेवरून एवढं निघतं हे मला अजूनही भारी वाटतं.

पॅनकॅमचा एक पिक्सेल साधारण ०.२८ मिलिरेडियनचा (हे कोनाचं माप), १२ किलोमीटरवर तो सुमारे ३.४ मीटर व्यापतो. नॅवकॅमचा जवळपास दहा मीटर, म्हणून क्षितिजासाठी नॅवकॅम बघत बसू नका. आणि रोजच्या रोज फरक शोधू नका, शंभर मीटर जवळ गेल्यावर डोंगर एक टक्कासुद्धा वाढत नाही. तेच रोव्हर डोंगराला आडवा शंभर मीटर गेला तर डोंगर जवळच्या खुणांच्या मानानं तीसेक पिक्सेल सरकतो, हे मात्र डोळ्यांना दिसतं, त्यामुळं दक्षिणेला उतरतानाचे फोटो एकामागोमाग लावून ॲनिमेशन करा. पुढं सरळ जाताना दर किलोमीटरला एक फ्रेम पुरे. एकाच दिशेच्या बऱ्याच फ्रेम असतील तर त्या दुप्पट मोठ्या करून एकमेकींवर नीट बसवून सरासरी काढा, बारीक तपशील वर येतात. टीमनंही काठाचे असे फोटो बनवले होते.

रंगांबद्दल थोडंच सांगतो कारण लोक उगाच त्यातच अडकतात. पॅनकॅम कृष्णधवल, पुढं फिरणारे फिल्टर, त्यामुळं रंग आपण बनवायचा. डाव्या डोळ्याचे ४, ५, ६ हे फिल्टर लाल, हिरवा, निळा म्हणून लावले तर डोळ्यांना दिसेल त्याच्या जवळचं काहीतरी येतं. २, ५, ७ लावले तर खडकांमधले फरक उठून दिसतात पण तो खोटा रंग, २ नंबर इन्फ्रारेडच्या हद्दीत जातो. आणि रॉ (म्हणजे आले तसे टाकलेल्या) जेपेगमध्ये प्रत्येक फ्रेमचा कॉन्ट्रास्ट आपोआप ताणलेला असतो, त्यामुळं आभाळ जांभळं आलं तर तुम्ही काही शोध लावलेला नाही. नीट करायचं असेल तर ग्रहमोहिमांचा डेटा जपणाऱ्या नासाच्या पीडीएस संग्रहातल्या मूळ फाइली घ्या. तिथंच ॲनालिस्ट्स नोटबुक म्हणून सोय आहे, प्रत्येक सोलला काय ठरलं आणि काय झालं ते सगळं. उत्तरपत्रिका म्हणतो ती हीच, पण आधी स्वतः काढा आणि मग बघा.

टप्पे पाडून घेतलेत तर दम टिकतो. व्हिक्टोरिया ते पहिलं काठदर्शन, मग ब्लॉक आयलंड, मग २०१० च्या सुरुवातीचं कॉन्सेप्सियॉन विवर, मग डिसेंबर २०१० मधलं ९० मीटरचं सांता मारिया, आणि शेवटी एंडेव्हरच्या काठाच्या केप यॉर्क या भागावरचं स्पिरिट पॉइंट. मार्च २०१० नंतर गप्प झालेल्या जुळ्या भावाचं नाव त्या जागेला दिलंय.

हे झालं की आजच्या रोव्हरकडं वळा. क्युरिऑसिटी गेल विवरात डोंगर चढतोय, पर्सिव्हरन्स डिसेंबर २०२४ मध्ये जेझेरो विवराचा काठ चढून वर आला, दोघांचे रॉ फोटो येत राहतात आणि मार्गाचा नकाशाही असतो. पर्सिव्हरन्सच्या मास्टकॅम-झेड कॅमेऱ्याचे फोटो रंगीतच येतात, त्यामुळं फिल्टरची कटकट नाही. फाइलच्या नावांची पद्धत बदललीय, ती पुन्हा शिकावी लागेल, बाकी वही तीच चालते. नकाशा मात्र ड्राइव्ह झाल्या झाल्या अपडेट होतोच असं नाही, कधी फोटो आधी येतात. तेवढ्या वेळात तीन खुणा शोधून तुमचा बिंदू टाकून ठेवा आणि मग त्यांचा कुठं पडतोय ते बघा.