झोनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कसा सांभाळायचा: नव्या जेईसाठी

मी रिटायर झालो तरी नागपूर महापालिकेच्या झोनमधले नवे जेई (ज्युनिअर इंजिनिअर) फोन करतात, "सर, ग्रुपचं काय करायचं?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी सूचना आणि तक्रारी वेगळ्या करा. सूचनांसाठी चॅनेल काढा. तिथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, बायकांना तेच बरं पडतं. तक्रारींसाठी झोनचा नंबर द्या आणि सिम ऑफिसचंच ठेवा, नाही तं तुमची बदली झाली की सगळा पत्रव्यवहार तुमच्यासोबत चालला.

तक्रार कशी घ्यायची, खरी मेख इथेच. "गडर चोक आहे, लवकर माणूस पाठवा" आणि सोबत एक फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून जाते. पत्ता विचारला तर उत्तर येतं, "हनुमान मंदिराजवळ." नागपुरात कोणत्या वस्तीत हनुमान मंदिर नाही बाप्पा? करंट लोकेशन मागा, जवळचा घर नंबर मागा. चेंबर रस्त्यावर वाहतंय की एकाच घरात पाणी तुंबलंय, हेही विचारा. रस्त्यावर वाहत असेल तर मेन लाईन बघावी लागते, एकाच घरात असेल तर बहुधा घरचंच कनेक्शन असतं. मग तक्रार रजिस्टरला चढवा आणि तिचा नंबर त्या माणसाला परत पाठवा. "कार्यवाही सुरू आहे" असं लिहू नका. माणूस कधी येईल ते लिहा. आज येणार नसेल तर तेही लिहा. काम झालं की त्याच जागेचा फोटो टाका.

कोणी चिडून लिहिलं तर लगेच रिमूव्ह करू नका. आपण मारबतीच्या गावात नोकरी करतो, इथे राग बडग्याचा पुतळा करून मिरवतात.

शटडाऊनचा, म्हणजे पाणी बंद राहणार असल्याचा, मेसेज आदल्या संध्याकाळी जायला हवा. "रेशीमबाग जलकुंभ बंद" एवढ्याने भागत नाही, आपलं पाणी कोणत्या टाकीचं हे फार थोड्यांना माहीत असतं. वस्त्यांची नावं आणि वेळ लिहा. पत्राचा फोटो टाकू नका, टाइप करा.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं होतं. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की लोक धास्तावतात. अशा रात्री गप्प राहू नका. तलावाची स्थिती तिथल्या माणसाला विचारून वेळेसह टाका, म्हणजे फॉरवर्डना जागा उरत नाही.

रस्ता नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) किंवा पीडब्ल्यूडीचा निघाला, तर "आमचं नाही" म्हणून सोडू नका. कुठे जायचं ते सांगा.

नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर डिलीट करा, आचारसंहितेत तर हमखास.

रोज सकाळी बाकी तक्रारींची यादी कागदावर काढून जमादाराच्या हातात द्या, गल्लीत उतरणाऱ्या प्रत्येक ऐवजदाराकडे (बदली सफाई कामगाराकडे) नेट असेलच असं नाही. आणि शटडाऊनची सूचना कचरागाडीच्या भोंग्यावरही लावा.