घरच्या एडिटिंगसाठी पीसी जोडताना

लग्नामुंजीचं शूटिंग घरीच एडिट करायचं म्हटलं की दुकानदार आधी महागडं ग्राफिक्स कार्ड पुढे करतो. तिथे घाई नको, आधी रॅम आणि डिस्क ठरवा. फुल एचडीला १६ जीबी रॅम पुरते, फोरकेला ३२ घ्या. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके शूटिंग तासाला साधारण ४५ जीबी खातं. म्हणून विंडोज एका एसएसडीवर, चालू काम दुसऱ्या एसएसडीवर, आणि हातावेगळं झालेलं साध्या हार्ड डिस्कवर.

इंटेलचा प्रोसेसर घेताना मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर नीट वाचा. 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही (व्हिडिओ झटपट उलगडून दाखवणारी इंटेलची सोय). चार पैसे वाचवायला मी तोच घेतला, जोडीला जुनंच कार्ड लावलं, मोबाइलचं एच.२६५ फुटेज (जास्त दाबून लहान केलेला व्हिडिओ) टाइमलाइनवर ठेचकाळत चालायचं.

आता डीव्हीडी रायटर. हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये त्याला खणच नसतो, तेव्हा यूएसबीवाला घ्या आणि मागच्या पोर्टला लावा. आजीच्या जुन्या प्लेअरवर चालवायची असेल तर 'डीव्हीडी मायनस आर' (DVD-R) लिहिलेली कोरी डिस्क बरी. कोऱ्या डिस्कवर १६ एक्स वेग छापलेला असला तरी ८ एक्सवरच राइट करा, 'व्हेरिफाय'ला (लिहिलेलं तपासून बघायला) टिक करा. ४.७ जीबीची डिस्क विंडोज ४.३७ दाखवतं, ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी. मात्र एका डिस्कवर दोन तासांहून जास्त कोंबू नका, वरातीत नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात.